दादाचा पासवर्ड

१२ नोव्हें., बुध.
सोमवारी पुण्याच्या कंपनीची परीक्षा. घरूनच, पण स्क्रीन त्यांना दिसणार. प्रोग्रॅम लिनक्सच्याच कंपायलरवर चालवायचा. घरात दादाचा विंडोज लॅपटॉप. विंडोजच्या आत लिनक्स बसतं, फक्त ॲडमिनचा पासवर्ड लागतो. दादा सांगत नाही. "माझ्या पैशाचा लॅपटॉप हाय." शेवटी कीबोर्ड तळहाताने झाकून स्वतःच टाकला. मेल्या, मी काय चोर?

१३, गुरु.
रीस्टार्ट. एरर. बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदललं, माझं मी. तर परत पासवर्ड! दादा नुकताच बोटीवरून येऊन जेवायला बसलेला. दुसऱ्यांदा हाक मारली तर उठून खरकट्या हाताने कानफटात. मग टाकला पासवर्ड. डाऊनलोड अर्ध्यात बोंबललं ते वेगळंच.
कानात अजून शिट्टी वाजतेय, केसांना कालवणाचा वास. आई म्हणते, "तू पण जरा थांबायचंस ना गो." थांबायचं! जीव घेईन एखाद्याचा.

१४, शुक्र.
दादा झोपलेला. अंदाजाने टाकत बसले. बोटीचं नाव, आईचं नाव, त्याचा वाढदिवस. अकाउंटच लॉक झालं. तेवढ्यात तो उठला. "आपटून फोडतो बघ आता!" लॅपटॉप छातीशी धरून खोलीत पळाले. दार लावताना त्याने फटीत हात घातला.
हात मला दिसला होता. तरी लावलं. सगळा जोर काढून.
तो ओरडला ते...

१५, शनि.
सिव्हिलमध्ये प्लास्टर. उजव्या हाताची दोन बोटं. बोटीवर जाणं बंद. आई बोलत नाही. वाईट वाटतंय? हो, वाटतंय. गालही ठणकतोय.

१६, रवि.
दादा आपणहून आला. "उघड तो लॅपटॉप." डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. झाकायला हात नव्हता. मी तोंड फिरवायला हवं होतं. नाही फिरवलं.
"पाठ झाला?"
"नाही."
हसला नाही, चिडला नाही. गेला.
संध्याकाळी कंपायलर चालला! पहिला प्रोग्रॅम, एक ओळ, एरर नाही. नाचावंसं वाटलं, पण कुणासमोर? बाहेर आई त्याला भात भरवत होती.
आता पासवर्ड बदलायचा तर मलाही बदलता येतो. दोनदा तिथवर जाऊन आले.
आत्ता बाहेरून त्याने विचारलं, "परीक्षा झाली की लॅपटॉप देशील ना गो परत?"