मोडल्या तारवाचा फ्रिज

अलंग, दि. ८ जानेवारी १९९१

ती. सरस्वतीवहिनीस, कान्हाचा सा. न. वि. वि. नमस्कार रीतीचा म्हणून घातलाय, मनातून अर्धाच समज.

आपल्या आळीतला रघु इथे कामाची चौकशी करायला आलेला. तो म्हणाला, मागच्या बुधवारी रात्री जेवणवेळेला तुमच्या घरी गेलेलो, तर आय कोरा भात मीठ लावून खात होती. आणि मी पाठवलेल्या फ्रिजला कुलूप. वहिनी, मला शाळा चौथीपर्यंतच झाली, पण कुलूप म्हणजे काय ते कळतं.

तो फ्रिज मी आयसाठी पाठवला. मोडीत निघालेल्या जहाजाच्या कोठीतून चार माणसांनी उतरवला, ट्रकवाल्याच्या पाया पडलो. कशाला? तिने थकल्यावर रोज बाजारात जाऊ नये, दोन दिवसांचं मावरं-मासळी घरात असावं. आणि तू कुलूप लावून बसलीस?

मी इथे रोज संध्याकाळी पाच माणसांचं जेवण काढतो. हाताशी काय असतं? अर्धा कांदा, कालचा भात आणि तोडायला आलेल्या जहाजातले डबे. डब्यावर काय लिहिलंय ते कोणाच्या बापाला वाचता येत नाही, फोडल्यावर कळतं. परवा मटार निघाले, खाऱ्या पाण्यातले. धुतले, कांदा करपवला, आपला मसाला टाकला, भात त्यात मोडला. खोलीतली उडिया पोरं टोप पुसून जेवली. तुझ्याकडे खोबरं आहे, चिंच आहे, फ्रिज आहे, आणि माझी आय मीठभात खाते. दादाला हे दिसत नाही का? की तो पण कुलपाच्या आत आहे?

तुझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते उत्तर आल्यावर ठरवीन.

कान्हा


बाळकुम, दि. १९ जानेवारी १९९१

चि. कान्हाभावजींस, सरस्वतीचा आशीर्वाद. तुमचा अर्धा नमस्कार पोचला, उरलेला आलात की पायावर घाला.

कुलपाचं आधी सांगते. तुमचा फ्रिज ट्रकमधून आला तोच दार वाकडं होऊन. बंद राहत नाही, घरभर पाणी. तुमच्या भावाने कडी ठोकली, मी कुलूप घातलं. किल्ली शेजारी खिळ्याला, मांजराचा हातसुद्धा पोचेल अशी. रघुला कुलूप दिसलं, किल्ली दिसली नाही. बरं झालं तुम्ही त्याच्या डोळ्यांनी जहाजं तोडत नाही.

आता आयचं. ती त्यातलं खात नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली की मोडल्या तारवातलं काही आपल्या चुलीला चालत नाही, तुझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून नाही. मी समजावलं, तुमच्या भावाने समजावलं. भिंतीला सांगितलं असतं तर पोपडा तरी पडला असता.

तेव्हापासून माझ्या दोन चुली. दिवसभर कंपनीत बाटल्या खोक्यात भरायच्या, साडेसहाला घरी यायचं, पदर खोचायचा आणि फ्रिजमध्ये बघायचं. अर्धी वाटी वाटण, कालची डाळ, दोन बोंबील. ते एकत्र करून आमचं होतं. मग फळीवरचे सुक्या मासळीचे डबे उघडायचे, ते आयचं. सोमवारी जवळा आणि कांदा. मंगळवारी सोडे घालून वाल. बुधवारी डब्यांत नुसता जवळा, कांदासुद्धा संपलेला, म्हणून वरून मूठभर खोबरं भुरभुरवलं, फ्रिजमधलं. गुपचूप. आयने एक घास घेतला आणि म्हणाली, खोबरं गार लागतं. ताट सरकवलं, भाताला मीठ लावलं. नेमका तेव्हा तुमचा साक्षीदार दारात.

तुम्ही पाच जणांचं एक जेवण करता, मी तिघांची दोन करते. पुन्हा मला जेवण शिकवलंत तर इथून येणारी मसाल्याची पुडी बंद.

रागाने लिहिलंय, तरी माया आहे तिथेच आहे.

सरस्वती


अलंग, दि. ३० जानेवारी १९९१

ती. वहिनीस कान्हाचा पुरा नमस्कार. चूक माझी. पण राग गेलेला नाही, फक्त पत्ता बदलला. हे पत्र आयला मोठ्याने वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस.

आय, बाबा गेले त्या आषाढात मी बारा वर्षांचा. दादा तापाने पडलेला. सरपण भिजून चिखल, दोन दिवस चूल नाही. तू भिंतीला टेकून बसलेलीस. मी फळ्या आणल्या, गोमाजीकाकाने दिल्या म्हणालो. फळीवरच्या डब्यात मूठभर सुकट होती. ती भाजली, चिंच कोळली, भात टाकला. माझं पहिलं जेवण ते.

त्या फळ्या काकाच्या नव्हत्या. मी बाबांची होडी फोडलेली. गावात सांगितलं की उधाणात वाहून गेली. आजपर्यंत कोणाला बोललो नाही. घरात बसवत नव्हतं, म्हणून पळत राहिलो, आणि पोटाला धंदा मिळाला तो पण तोडायचाच.

तेव्हा तू जेवलीस ना? आपल्याच मोडल्या होडीच्या फळ्यांवर रांधलेलं चाललं, मग परक्या जहाजाचं कपाट का नाही चालत? सांग.

उत्तर आलं तरच पुढे लिहीन.

कान्हा


बाळकुम, दि. १० फेब्रुवारी १९९१

चि. कान्हाभावजींस आशीर्वाद. वाचून दाखवलं. गाळलं काही नाही.

आय सोडे निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, मला त्याच दिवशी कळलेलं. होडीला वर्षानुवर्षं माशाचं तेल चोळलेलं, फळी पेटली तसा घरभर तोच वास. एक पोर तापात, एक उपाशी राहून धुरात फुंकर मारतंय. म्हणून खाल्लं. त्याला संशय येऊ नये म्हणून वर मागून घेतलं. तेव्हा नको म्हणायला घरात काही नव्हतं. आता दोन्ही मुलगे कमावते आहेत, फळीवर चार डबे आहेत. आता मी नको म्हणणार, आणि कोणी मला विचारायचं नाही.

मग माझ्यावरच उखडली, की पुन्हा खोबरं घातलंस तर ताट अंगणात जाईल. तुमच्या घरात राग वाटून घ्यायची पद्धत आहे, मला नेहमी मोठा वाटा येतो.

आमच्या सगुणाला दात आले, काकाला चावायला बोलावते. खुशाली कळवत जा.

सरस्वती


अलंग, दि. १९ फेब्रुवारी १९९१

ती. आयस, कान्हाचा दंडवत.

तू वर मागून घेतलंस तेव्हा मला वाटलेलं की छान झालंय. त्या एका वाढण्यावर मी आजपर्यंत रांधतोय. तुला कळलेलं तर एकदा कानाखाली मारायची होतीस. इतकी वर्षं पळालो नसतो.

शिमग्याला येतो. एक संध्याकाळ चूल माझी. सरपण विकत आणीन, फळीवरच्या डब्यांत असेल त्यातच करीन, वहिनीने हात लावायचा नाही. फ्रिज आता तिचा, त्याला नावं ठेवू नकोस.

काल डबा फोडला तर तेलातले मासे निघाले. तोच वास. पोरं बघत होती, मी कांदा चिरला, मसाला टाकला, भातावर घेतलं आणि जेवलो. तुझं पोट भरलं, नको म्हणतेस, म्हण. माझं भरेल त्या दिवशी मी पण मोडल्या तारवाला नको म्हणीन.

तोवर रागावलेलीच राहा, पण माझीच राहा.

कान्हा