सिमेंटचा जोड

॥ श्री ॥
मोहाडी, २० जानेवारी १९७९

चि. टेकचंद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बदली झालेल्या साहेबाकडून तू सिनेमाचा जुना कॅमेरा घेतलास, इथवर ठीक. पण फिल्म कापून जोडायचं यंत्र कोणतं घ्यावं हे तू संस्कृत शिकवणाऱ्या मामाला विचारतोस, म्हणजे जवाहरनगरच्या कारखान्यात शहाण्या माणसांचा फारच तुटवडा दिसतो. एक जोड चिकटपट्टीचा आणि एक सिमेंटचा, एवढं मी मामीला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं की सिमेंट लागते तं पोरानं तहसीलीत परमिटचा अर्ज केला का. गोठ्याच्या ओट्यासाठी आपला अर्ज तिथे पडूनच आहे, त्यातच त्याचंही एक पोतं वाढवून मागा म्हणे. हे सिमेंट बाटलीतून येतं हे तू पत्राच्या तळाशी लिहिलं होतंस. आम्ही तिथे पोचेपर्यंत मी अर्जाचा मजकूरही जुळवला होता. आमच्या व्याकरणात बरं असतं बाबा. सूर्य आणि उदय जोडायला गोंद लागत नाही.

संक्रांतीला तू अंगणात कॅमेरा लावलास त्याचा मामीला अजून राग आहे. तिचं म्हणणं असं की धान पाखडताना कोनी बाईमानसाचा सिनेमा काढते का, चांगलं लुगडं तरी नेसू द्यायचं. पण कुंपणापलीकडच्या पार्वताबाईला मात्र रोज सांगून राहिली आहे की आपला सिनेमा मुंबईले धुवाले गेला. मी पेपर तपासण्याचं निमित्त करून चित्रात आलो नाही, ते योग्यच झालं. माझं तोंड पाहून फिल्म आपणहून तुटली असती.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो अर्जाविना मिळतो.

तुझा मामा,
भैयाजी

॥ श्री ॥
जवाहरनगर, १८ फेब्रुवारी १९७९

ती. स्व. मामा व मामी यांस टेकचंदचा सा. न. वि. वि.

फिल्म धुऊन आली. मामी फार छान आली आहे.

नागपूरला जाऊन दोन्ही यंत्रं पाहिली. चिकटपट्टीत एकही चित्र वाया जात नाही आणि चुकलं तर पट्टी सोडवून पुन्हा जोडता येतं. सिमेंटमध्ये एका तुकड्याच्या टोकाचं चित्र खरवडावं लागतं, मग त्यावर दुसरा तुकडा डकवायचा. तो जोड जन्माचा. खरवडलेलं चित्र परत मिळत नाही, कारण या फिल्मला निगेटिव्ह नसते, आहे ती एकच प्रत. मी नवशिका, हात चुकणारच, म्हणून चिकटपट्टीचं घेतलं. दुकानदार म्हणाला की आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीचा गोंद पाझरतो. बघू.

एक गंमत कळली. मामी सूप खाली ठेवून मान वळवते आणि हसते, त्याच्यापुढे मी शहापूरच्या गुरांच्या बाजारातला काळाभोर हेला जोडला. पाहणाऱ्याला वाटतं, मामी हेल्याकडे पाहूनच हसली! खरं तर तिचं पार्वताबाईशी काहीतरी चाललं होतं. मामी, रागावू नको, हेला काढून टाकतो.

होळीला प्रोजेक्टर घेऊन येतो. भिंतीवर दाखवीन. या खेपेला मामांनाही सोडणार नाही.

आपला आज्ञाधारक,
टेकचंद

मोहाडी, २ एप्रिल १९७९

चि. टेकचंद यास आशीर्वाद.

तेरवी आटोपून तू गेलास, त्यानंतर पाहुणेही पांगले. घर जागेवर आहे. गाय दूध देते. पार्वताबाई दोन्ही वेळा भाकर आणून देते आणि मी जेवलो की नाही हे पाहायला कुंपणाशी उभी राहते, म्हणून जेवतो.

कावीळ होळीपर्यंतही थांबली नाही. तापातसुद्धा मामी विचारत होती की टेकचंद आला का. चांगलं लुगडं पेटीतून काढून ठेवा म्हणाली. सिनेमात नाही तं नाही, पण पाहाले तरी नेसीन म्हणे. ते लुगडं शेवटी कोणत्या कामी आलं, ते तू पाहिलंसच.

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे, मराठीत नाही. एक, की मग थेट पुष्कळ. वर्गातली पोरं दरवर्षी विचारतात की हे द्विवचन कायले पायजे, आणि परीक्षेत येतं म्हणून, हे माझं ठरलेलं उत्तर. परवा तोच पाठ आला. मी द्विवचनाचा रकाना फळ्यावर आखला आणि तो कोराच ठेवून पुढे बहुवचन लिहिलं. पोरं समजूतदार, त्यांनीही वहीत तो कोराच ठेवला.

घरात तिचा फोटो एकच, लग्नातला. त्यात मुंडावळ्या आणि पदर यांच्यामधून नाक तेवढं दिसतं. तुझी फिल्म घेऊन ये. मला ती पाहायची आहे.

लोभ ठेव, सध्या त्याची गरज आहे.

भैयाजी

जवाहरनगर, २० मे १९७९

ती. स्व. मामांस टेकचंदचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे भिंतीवर फिल्म दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्याच जागेवर बसून माझ्याकडून स्वतःचं चित्र काढून घेतलंत. ती फिल्मही धुऊन आली आहे.

दुकानदार खरं बोलला होता. या उन्हात गोंद पाझरला. बाजाराची फिल्म जोडावरून सरकली, प्रोजेक्टरात अडकली आणि दिव्यापुढे जळाली. मामीची त्यात नव्हती, ती डब्यात सुखरूप आहे. पण तिला आता चिकटपट्टी लावणार नाही. सिमेंट आणि कानस आणली.

मामा, तुम्ही दोघं फिल्मवर एका चित्रात कधीच आला नाहीत. पण मामी मान वळवून हसते, आणि तुम्ही खाली पाहता पाहता एकदम वर पाहता. हे दोन तुकडे जोडले तर तुम्ही एकमेकांकडे पाहताय असं दिसेल. मामी तुमच्याकडे पाहत नव्हती हे मला माहीत आहे. मग हे खोटं ठरेल का? शिवाय तिच्या हसण्याचं शेवटचं किंवा तुमच्या तुकड्याचं पहिलं, एक चित्र जाणारच. डोळ्याला ते कळणारही नाही, तरी तुम्हाला विचारल्याशिवाय हात चालत नाही.

आपला,
टेकचंद

मोहाडी, २८ मे १९७९

चि. टेकचंद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोटं ठरेल का विचारतोस. ठरेल, असं लिहायला बसलो होतो. पण शास्त्र्याने पुरावा पाहावा, म्हणून आधी पार्वताबाईकडे गेलो आणि चित्रात तुझी मामी हसते त्या वेळी काय बोलणं चाललं होतं ते विचारलं. ती आधी सांगेचना. मग म्हणाली की तुमचीच चुगली होती. मास्तरले नवा चष्मा लागला, पन त्याच्यातून पेपरच दिसतेत, बायको काई दिसत नाई, असं तुझी मामी सांगत होती म्हणे. सांगताना पार्वताबाई हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

तेव्हा त्या हसण्यात मी होतोच. जोड. मी वर पाहिलं ते तुझ्या कॅमेऱ्याच्या घरघरीमुळे, पण पाहणाऱ्याला तसं सांगत बसू नकोस.

कानस चालवशील ती माझ्या बाजूने. हात चुकला तर माझं आणखी एक घे, दोन घे. माझी चित्रं पुन्हा काढता येतील.

लोभ असू दे. घाई करू नकोस.

तुझा मामा,
भैयाजी