नेसत्या लुगड्याचे लंगोट

॥ जोतिबाच्या नावानं चांगभलं ॥
गडमुडशिंगी, ४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पूर्णिमास, सासूचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, फोनवर बोलायला गेलं की तू स्पीकर लावतीस आणि पलीकडनं तुझी आई हुंकार देती. मग सासूनं बोलायचं काय? म्हणून तुझ्या नणंदेला, मोनाला, कागद घेऊन बसवलंय. माझा लेक विश्वजित डब्याबरोबर आणून दील.

माझा नातू कसा हाय? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुला आजऱ्याला पाठवलं. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि पंधराव्या दिवशी राजवीरचं पोट कापलं. आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. तवापासनं सहा महिने दवाखान्याजवळ, राजारामपुरीच्या खोलीत तुझी आई ठाण मांडून बसलीया. पिशवी त्यांनीच बदलायची, पावडर त्यांनीच लावायची. नर्सपेक्षा आजीचा हात हलका, असं डॉक्टर म्हणले म्हणं. कुठली आजी, ते विचारलं का कुणी? आम्हीबी आजीच हाय की!

बारशाला मी जुनं लुगडं फाडून दोन डझन लंगोट दिलतं. शी पिशवीत जाती, मग लंगोटाला कोण विचारतंय! गाठोडं फळीवरच हाय, विश्वजित सांगत हुता. परत पाठव, म्हशीची कास पुसायला हुतील. आणि तुझ्या आईनं आहेर केलेली ती गुळगुळीत साडी? घडी मोडली न्हाय मी. पदर डोक्यावर थांबल तर शपथ.

मी आले असते, पर म्हस व्यायला झालीया.

लोभ हाय तो राहू दे, निम्मा तरी मुडशिंगीकडं.
चिमणाबाई


राजारामपुरी, ६ ऑगस्ट

ती. आईंस, पूर्णिमाचा सा. न. वि. वि.

सोमवारी मोठं ऑपरेशन ठरलंय. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मापासून नसाच नाहीत, त्यामुळं तो भाग शी पुढं ढकलत नाही. तेवढा काढून वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडणार आणि पोटावरचं तोंड बंद करणार. मग राजवीरला आपल्या वाटेनं शी होते का, याची वाट बघायची.

मला भीती वाटते. माझी आईसुद्धा काल पिशवी बदलताना रडली. तुम्ही या. म्हशीकडं मामंजी बघतील. लंगोट मात्र परत पाठवत नाही. त्यांची गरज पडावी म्हणूनच तर हे सगळं चाललंय.

आशीर्वादाचा हात असू द्यावा.
पूर्णिमा


गडमुडशिंगी, ८ ऑगस्ट

चि. सौ. पूर्णिमास आशीर्वाद.

तुझी आई रडली म्हणं. त्यांना रडायला बाळाचं उसं तरी मिळालं. आम्ही गोठ्यात रडतो, ते म्हशीलाच ठावं.

तुझे मामंजी म्हशीकडं बघत्यात व्हय? ते नुसतं बघत्यातच. आणि दवाखान्यात बाळाजवळ एकच बाई थांबू देत्यात की. ती कोण, ते जगाला ठावं हाय. मी काय दारात चपला राखू? जोतिबाला नवस बोललीया, ते हितनंबी पोचतंय.

बारशातलं काय काढती का तुझी आई? आपलं सहज विचारलं.

जीवाला जप, लेकराला जप.
चिमणाबाई

ता. क. वहिनी, म्हैस मंगळवारीच व्यायली. आईला वाचता येत नाही म्हणून लिहिते. — मोना


राजारामपुरी, २४ ऑगस्ट

सौ. चिमणाबाई विहीणबाईंस, शालूबाईचा स. न. वि. वि.

आपल्या राजवीरला ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी शी झाली ते कळलंच असेल. मी वॉर्डभर साखर वाटली, नर्सबाया हसून बेजार.

पण आता दिवसात पंधरा-वीसदा होते. आतडं नव्यानं शिकतंय, हळूहळू कमी होईल, असं डॉक्टर म्हणतात. तोवर खालची कातडी सोलून निघालीय. बाजारच्या डायपरनं जास्तच चिघळलं. मऊ सुती कापड वापरा, म्हणाले. मग तुमचं गाठोडं सोडलं. तेवढंच त्याला सोसतं. पण दोन डझन पुरत नाहीत, पावसात वाळत नाहीत. माझ्या साड्या सगळ्या गुळगुळीत, म्हणून तुमच्यापुढं हात पसरते. मला आता उभ्या उभ्या झोप लागते.

माया आहे ती वाढावी.
शालूबाई


गडमुडशिंगी, २५ ऑगस्ट

सौ. शालूबाई विहीणबाईंस, चिमणाबाईचा नमस्कार.

तुमचं अक्षर मोत्यावाणी हाय, असं मोना म्हणती. तेबी तुम्हालाच येतंय! असू दे.

जुनं लुगडं आता एकबी उरलं न्हाय. नवं आणलं तर कडक असतंय, लेकराला टोचल. मऊ काय, तर माझी नेसती दोन. सकाळी दोन्ही फाडली. चार डझन झालं. धुऊन, चुलीवर वाळवून बांधून ठेवल्यात.

बारशात ते फुगलेलं पोट बघून, आजोबांवर गेलंय म्हणत मी त्यावर टिचक्या मारल्या. बायका हसल्या. पोट घट्ट लागतंय, शी होत न्हाय, असं तुम्ही म्हणत हुता. आजरेकर भात खाऊन भित्री झाल्यात, असं म्हणून मी तुम्हाला चारचौघींत गप्प केलं. तुम्ही तरीबी दवाखाना गाठला. सहा महिन्यांत ह्यातलं एक अक्षर विश्वजितला सांगितलं न्हाईसा. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. मला यायला तोंड राहिलं असतं.

आता तोंड नसलं तरी येते. उद्या सकाळच्या बसनं. दुसरं नेसायला न्हाय म्हणून तुमच्या आहेराची घडी मोडलीया. पदर घसरतोयच, हसायचं न्हाय. मी आले की तुम्ही झोपायचं. पिशवी तुम्ही सांभाळलीसा, लंगोट मी बांधणार. त्यात वाटेकरी नको.

लोभाचं उद्या समोरासमोर बघू.
राजवीरची दुसरी आजी,
चिमणाबाई