अठ्ठेचाळीस सालचा कार्ब्युरेटर

तीनेत्स, रविवार

प्रिय दागमारताई,

फोनवर हे बोलता आलं नसतं. बाबा जवळच बसलेले असतात. ऐकू येत नाही म्हणतात, पण स्वतःबद्दलचं बरोबर ऐकतात.

खूप दमलेय गं. वसंतात तू आलीस तेव्हा बाबांनी शब्द दिला होता, "जावा मोटरसायकलचं इंजिन एकदा सुरू होऊ दे, घराला कुलूप लावून ब्रनोला तुझ्याकडे येतो." आपल्या दोघींनाही वाटलं, सुटलो. तेव्हापासून माझे रविवार गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चाललेत. चिखलात पसरलेल्या ताडपत्र्यांवर वाकून कंबर कामातून गेली. त्यांना सगळं गाडीच्याच, म्हणजे अठ्ठेचाळीस सालचं हवं. हल्ली बनवलेला पिस्टन आणला, तर हातही लावला नाही. म्हणाले, "हे कालचं पोर माझ्या इंजिनात नको." भंगारवाले हावेल्काकाका मला लांबूनच बघून ओरडतात, "काय गं यित्का, तुझा बाप पिस्टन शोधतोय की जावई?" मी हसते. आताशा हसायलाही जोर लावावा लागतो.

कामावरून यायचं, त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्या थरथरत्या हातांसमोर दिवा धरून बसायचं. बेअरिंग बसवायला इंजिनाचं आवरण तापवावं लागतं, ते त्यांनी माझ्या ओव्हनमध्ये तापवलं. आठवडाभर केकला तेलाचा वास येत होता. तरी मुकाट्याने खाल्ला, कारण त्या टेबलाशी बसले की त्यांना आईचं नाव आठवतं, कारखान्यातल्या सोबत्यांची आठवतात. एरवी मला कधी कधी दागमार म्हणतात.

काल दुपारी सगळं जोडून झालं. त्यांच्या पायात जोर नाही, म्हणून किक मी मारली. मारत राहिले, घामाघूम झाले, शिव्याही दिल्या. आणि एकाएकी इंजिनाने धरलं! अंगणभर निळा धूर. बाबा टाकीवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता रडणार. पण ताई, त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं. आईने लावलेल्या लाल बेरीच्या झुडपांकडे, मग घराकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं म्हणायचं मग."

जेवायला बसले, पण सूपला हात लावला नाही. माझ्याकडे न बघताच विचारलं, "यित्का, तो कार्ब्युरेटर अठ्ठेचाळीसचाच आहे ना गं?"

अगं, भिंग लावून त्यांनी स्वतः पारखला होता तो! मी नुसतं "हो" म्हटलं असतं, तर संपलं होतं सगळं. मला झोप मिळाली असती, रविवार माझे झाले असते. तो "हो" ओठांपर्यंत आला होता, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघालं, "मलाही शंका येतेय, बाबा. नंतरचा वाटतो."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" असे खूश झाले! वाडगा पुढे ओढला आणि पावाने पुसून लख्ख केला.

म्हणून हे पत्र. शनिवारी ठरल्याप्रमाणे सामानाची गाडी घेऊन येऊ नकोस. तू त्यांच्यासाठी खोली रंगवलीस, पडदे शिवलेस, मला माहीत आहे. माझ्यावर चिड, हवं ते बोल, पण त्यांच्यासमोर नको. त्यांचा फोन आला, तर कार्ब्युरेटर चुकीचा निघाल्याबद्दल तूही हळहळ. आणि खरंच येणार असशील, तर त्यांना न्यायला नको, थोडे दिवस राहायला ये. मला एकटीला आता हे झेपत नाही. चिखलात चालतील असे बूट घेऊन ये, पुढचा बाजार तुझा.

पार थकलेली, पण तुझीच,
यित्का