दोन बोटं जास्त

प्रिय दादा,

पुढच्या महिन्यात येतोयस, असं वहिनीने कळवलं. इतक्या वर्षांनी बापाची आठवण झाली म्हणायची! त्याआधी घरात काय चाललंय ते ऐक.

बाबांनी पुन्हा शिरस्त्राण करायला घेतलंय. तेच, तुझ्या शाळेच्या नाटकातल्या सेनापतीचं, पुठ्ठ्याचं. शेजाऱ्यांनी फ्रिज घेतला, त्याचं खोकं जिन्यात दिसलं आणि म्हातारा कामाला लागला. जेवणाच्या टेबलावर कात्री, खळीचं पातेलं आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या. मी उभ्याउभ्याच जेवते. तुऱ्यासाठी माझा नवाकोरा झाडू कामी आला. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण पुठ्ठा दुमडण्याआधी बोथट सुरीने रेघ ओढायची, हे हात विसरलेले नाहीत.

मूळचं कसं झालं होतं, आठवतंय? तू एका जागी बसशील तर शपथ! म्हणून बाबा सुतळी माझ्या डोक्याभोवती गुंडाळायचे आणि वर दोन बोटं जास्त धरायचे. मुलाचं डोकं, मोठं असणारच! तुझं डोकं माझ्याएवढंच आहे, हे मोजून बघायचं कुणाला सुचलं नाही. ऐन नाटकात ते घसरून तुझ्या नाकावर आलं, तू तलवार उगारून थेट पडद्यात घुसलास आणि घरी येऊन खापर फोडलंस माझ्यावर. अजूनही चारचौघांत तो किस्सा रंगवून सांगतोस. त्यात मी नसतेच, नुसतं माझं डोकं असतं. स्टुलावर बसून बसून माझी मान अवघडली होती, त्याचं कुणाला काय!

आताही तेच. मी कामावरून आले की बाबा स्टूल पुढे सरकवतात. जरा डोकं दे गं, तो आला की घाई नको. मी बसते. सुतळी गुंडाळतात आणि दादा, अजूनही वर दोन बोटं धरतात. वाटतं, ओरडून सांगावं की ज्याच्यासाठी एवढं करताय त्याला साधा फोन करायला सवड नाही. तुमचं अंग पुसणारी, गोळ्या देणारी ही इथे बसलीय. पण पालथ्या घड्यावर पाणी. मला तुझा राग येतो. त्यांचाही येतो. लिहून टाकलं, बरं वाटलं.

काल रुपेरी रंग वाळला. कसं बसतंय बघू म्हणून त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवलं. घसरून नाकापर्यंत आलं. मला काही दिसेना, त्यांना माझा चेहरा दिसेना. मग खळीने खरखरीत झालेले त्यांचे हात माझ्या गालांवर आले. आलास? किती वाट बघायला लावलीस रे, म्हणाले आणि मला छातीशी धरलं. मी याच घरात वाढले, त्यांच्यापायी लग्नाचं राहू दिलं, पण असं जवळ मला त्यांनी कधी घेतलं नव्हतं. मी आवाज जाड करून हो म्हटलं. आज कामावरून आले आणि ते शिरस्त्राण आपणहून घातलं. म्हणून हे पत्र. तिकीट रद्द कर. तू येऊन पोचलायस, बाबा खूश आहेत. आता तू येऊ नकोस.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी