घट्ट झाकणाचा डबा

रविवार, १९ मे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही दोघं बापलेक मजेत आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात आणि भाऊजींचा खोकला थांबला का, ते कळव. हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणतो, ही आपली लहानपणापासूनची पद्धत. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझा प्रश्न विसरलेलो नाही. भिंगरीला न्यायला कधी येऊ, तिच्यासाठी तिकडच्या शाळेत जागा धरून ठेवली आहे, वरची खोली रंगवून घेतली आहे, सगळं लक्षात आहे. उत्तर याच पत्रात देतो. पण आधी माझ्या बातम्या ऐकून घे, पानं उलटून शेवट बघू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

दुकान बरं चाललंय. नवे कपडे शिवणारे कमी झाले, जुने सैल करून घेणारे वाढले. लोकांची पोटं सुटतायत तोवर आपल्याला मरण नाही. भिंगरी पुढच्या वर्गात गेली. गणितात पहिली आली आणि वागणुकीत 'बडबड कमी करावी' असा शेरा आणला. हा शेरा आपल्या घराण्यात कुणाकडून आला ते मी लिहीत नाही.

आता समोरच्या काकूंचं. त्यांनी तुला फोन करून सांगितलं की या बापलेकीच्या दारात कचऱ्याची पिशवीच दिसत नाही, घरात काही शिजत नसणार, पोर उपाशी आहे. तू म्हणालीस, "कचरा निघत नाही म्हणजे चूल पेटत नाही, एवढं मलाही कळतं." ताई, मी पोट धरून हसलो. कचरागाडीवाल्या मावशींनीसुद्धा एकदा दार ठोठावून विचारलं होतं, "मास्तर, घर सोडून गेलात की काय?"

आमच्याकडे कचरा निघत नाही, कारण घरात प्लास्टिक येतच नाही. भाजीची सालं कुंड्यांत जातात. तेल वाण्याच्या दुकानातून किटलीत येतं. साबण बिनवेष्टणाचा, कापडात गुंडाळून. आणि बाकी सगळं माझ्या पिशव्यांत.

या पिशव्यांचं तुला सांगायलाच हवं. शर्टांच्या चिंध्यांतून शिवल्या. पण किराणा दुकानदार कुरकुरायला लागला, प्रत्येक पिशवी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची, मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. तेव्हा मी प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्यावर तिचं स्वतःचं वजन लाल दोऱ्याने भरलं. दुकानदाराने आकडा बघायचा आणि वजा करायचा, संपलं काम. तो इतका खूश झाला की मला चार दिवस 'इंजिनियरसाहेब' म्हणत होता.

पाचव्या दिवशी माझं इंजिनियरपण धुतलं गेलं. भिंगरीने पिशव्या धुवून अर्धवट वाळलेल्याच घडी घातल्या आणि मी तशाच नेल्या. ओली पिशवी जड, दोऱ्यातला आकडा कोरडा. आम्ही मुगाच्या भावाने पाणी विकत घेऊन आलो. वर ती ओली पिशवी कोपऱ्यात विसरली, तर मुगाला हे लांब मोड. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोड आलेले मूग खाल्ले. भिंगरी म्हणाली, "बाबा, पिशवी पेरली तर झाड येईल."

सगळंच जमलं असं नाही. घरी केलेल्या साबणाने हात धुतले की हात धुवावे लागायचे. दात घासायच्या पावडरीने दोन दिवस आमची तोंडं राखाडी दिसत होती. पण भिंगरीचा रेनकोट मात्र जमला! पूर्वी दर पावसाळ्यात नवा रेनकोट यायचा आणि दिवाणाखाली जुन्यांचा ढीग पडायचा. गेल्या पावसाळ्यात मी दोन फाटक्यांचा एक धड केला, एक बाही निळी, एक पिवळी. मला वाटलं शाळेत हसतील. हसले नाहीत. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई दुकानात येऊन म्हणाली, "आमच्याही दोन फाटक्यांचा एक करून द्या, मुलगी घरात धरणं धरून बसली आहे."

भाऊजींची फेरी तर तुला माहीतच आहे. 'इकडे सहज काम होतं म्हणून आलो' असं ते म्हणाले. ताई, पाठवायचंच होतं तर निदान खोटं बोलता येणारा माणूस पाठवायचास. आल्या आल्या ते कचऱ्याच्या डब्यात डोकावले, मग फडताळ उघडून उभे राहिले. सगळे डबे एकसारखे, एकावरही नाव नाही. मी दुकानात होतो. भिंगरी म्हणाली, "काका, बसा, मी चहा करते." तर ते म्हणाले, "लहान मुलींनी गॅसजवळ जाऊ नये, मी करतो."

केला त्यांनी चहा. मीठ घालून. आणि आपणच केलेला म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. हे त्यांनी तुला सांगितलं नसणार.

मग भिंगरीने त्यांना खेळ दाखवला. डबे हलवून आवाजावरून ओळखायचे. तांदूळ कसा सरसरतो, साखर कशी खसखसते, चवळी कशी खडखडते. ती डोळे मिटून बसली आणि भाऊजींनी एकेक डबा तिच्या कानाशी हलवला. एकही चुकली नाही. मी आलो तेव्हा भाऊजी स्वतः डोळे मिटून बसले होते आणि ती ओरडत होती, "काका, हरलात! ते मीठच आहे, तुम्ही प्यायलात तेच!" जाताना त्यांनी माझा खांदा दाबला. मला बरं वाटलं.

तरीही तू फोन केलास. "ते भोळे आहेत, त्यांना काय कळतंय. पोरीला बाईमाणसाचा हात हवा. तू एकटा किती दिवस ओढणार?" तू चुकीचं काही बोलत नव्हतीस. मी दमलेला होतो, लग्नसराईची कामं अंगावर होती. आणि मी सवयीने म्हणालो, "हो. बघू. ने."

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

भिंगरीची आई गेली त्यानंतरचे महिने तुला पूर्ण माहीत नाहीत. तू पंधरा दिवस राहिलीस, मग तुझं घर होतं, जावंच लागलं. त्यानंतर आमच्या दारात रोज फुगलेली पिशवी असायची, कधी दोन. बंद पाकिटातलं सूप, बंद पाकिटातला पाव, फोन करून मागवलेल्या जेवणाचे प्लास्टिकचे डबे. स्वयंपाकघरात मला पाय ठेववत नव्हता. तिचा ॲप्रन खुंटीला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून पाणी गरम करायचो. तेव्हा काकूंनी कुणाला फोन केला नाही. आमचा कचरा भरलेला दिसत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

एक दिवस भिंगरीची केसांची पिन हरवली. तिच्या आईची होती. पोरीने कचऱ्याची पिशवी जमिनीवर उपडी केली आणि एकेक पाकीट बाजूला काढत शोधायला लागली. पिन शेवटी तिच्याच दप्तरात सापडली. पण मधे बसून तिने त्या पसाऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, हे सगळं आपण खाल्लं? मग मला भूक का लागते?"

ताई, मी उठून ॲप्रन बांधला. त्या दिवशी भात केला, खाली लागला, पण दोघांनी खरवडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, पाकिटं आणायचीच नाहीत, पाकीट आणलं की तुम्ही स्वयंपाक करत नाही. एवढं साधं होतं बघ. पृथ्वी वाचवायची वगैरे ती नंतर शाळेत शिकली. आमच्याकडे प्लास्टिक बंद झालं ते बापाला चुलीपाशी उभं करायला.

घरात घट्ट झाकणाचा एकच डबा होता. तुझा. त्या पंधरवड्यात राहायला येताना तू ज्यातून जेवण आणलं होतंस तो. तो घेऊन आम्ही पहिल्यांदा वाण्याकडे गेलो. तू प्रत्येक फोनवर 'माझा डबा कुठाय' म्हणून विचारतेस आणि मी विषय बदलतो. आई म्हणायची, आलेला डबा रिकामा परत करू नये. माझ्याकडे त्यात घालायला काही नव्हतं गं.

तर मी 'ने' म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुकानातून आलो तर भिंगरी ओट्यावर चढून डब्यांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. तांदूळ, साखर, चवळी. मिठावर तर दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, "अगं, तुला तर आवाजावरून कळतं, हे कशाला?"

मागे न बघता म्हणाली, "मला कळतं. तुम्हाला नाही कळत. मी आत्याकडे गेल्यावर तुम्ही मीठ घालून चहा प्याल आणि कुणाला सांगणारही नाही."

रडत नव्हती. खळ चांगली लागली आहे ना, ते अंगठ्याने दाबून बघत होती.

मी तिला ओट्यावरून खाली उतरवलं. म्हटलं, बादली आण. दोघांनी मिळून सगळ्या डब्यांवर ओलं फडकं फिरवलं आणि एकूण एक चिठ्ठी सोडवून काढली. ओल्या चिठ्ठ्या तिने माझ्या कपाळावर चिकटवल्या. 'मीठ' माझ्या नाकावर होतं, तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांनी आम्हाला तसं बघितलं. हसता हसता मी त्यांना जेवायलाच बसवलं. ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी. काल दुकानात येऊन चार पिशव्या शिवायला टाकून गेल्या, म्हणाल्या, लाल दोरा माझ्याही पिशव्यांना हवा. ताई, मी ते माप घेताना इतका फुगलो होतो की माझाच शर्ट सैल करावा लागला असता.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: भिंगरी येणार नाही. तुझी माया मला कळते. ती आईवेगळी आहे, पण बापवेगळी होणार नाही. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला जाऊ दे. खोलीचा रंग वाया जाणार नाही, सुट्टीत आम्ही दोघं येऊन तिथे असा धिंगाणा घालू की तुला पुन्हा रंग काढावा लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तुला 'नाही' म्हणतोय. अक्षर बघ, कुठे खाडाखोड नाही.

हे पत्र डब्यासोबत पाठवतोय, म्हणजे डबा आता तुझ्या समोर असेल. आल्याची बिस्किटं आहेत. पीठ तिने मळलं, भाजली मी, करपलेली आम्ही खाऊन टाकली. झाकण उघडण्याआधी एकदा कानाशी धरून हलव. भिंगरीने सांगितलंय, आत्याला ओळखता येतं का बघू.

आणि आईचा नियम तुलाही लागू आहे. डबा भरून, स्वतः घेऊन ये. चहा मी करेन.

भरल्या घरातून,
तुझा धाकटा