उजव्या हाताचं रीडिंग

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रुखमिणीच्या उजव्या हाताचं काम माझ्याकडे. पोळ्याच्या दिवशी बायकोला लकवा झाला, तेव्हापासून हात नुसता मांडीवर पडून. भंडाऱ्याच्या अनुप डॉक्टरांनी दोनदा ॲक्युपंक्चर केलं आणि म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय? मी एकतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. सुया आल्या, पुस्तक आलं. संक्रांतीला ती स्वतः लाडू वळणार.

४ नोव्हेंबर
सायन्स सोपं आहे. टोच कळते ती जलद चेतातंतूंमुळे. मागून जडपणा, मुंग्या, ठणक येते, ते संथ तंतूंचं काम. सुई फिरवली की आतलं मांस तिला धरतं. माझ्या बोटांना पकड चक्क जाणवली! रुखमिणी म्हणाली, "काहीच नाही लागत." पॉइंट चुकला असणार.
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

५ नोव्हेंबर
लागलं! "जड जड लागून राहिलं," म्हणाली. मी दोनदा भात घेतला.

१२ नोव्हेंबर
भिंतीवर तक्ता लावला. जडपणा दहापैकी सात, मुंग्या पाच. रोज वाढ.
मोहाडीहून रुपाचा फोन. "बाबा, आईले कायले टोचून राहिले?" पोरीला चेतातंतूंचं काय कळतं!

२ डिसेंबर
मुंग्या कोपरापर्यंत. आता विचारायच्या आत सांगते. बोटं अजून हलत नाहीत, पण ते पुढचं.
अनुप डॉक्टरांना तक्ता दाखवला. म्हणाले, तिचे डोळे झाकून रीडिंग घ्या. शंकेखोर माणूस. फॅक्टरीतही तपासणी तशीच व्हायची म्हणा. घेऊ.

९ डिसेंबर, सकाळी ८
तिच्या डोळ्यांवर टॉवेल ठेवला. सुईचं पाकीट फाडलं. लगेच म्हणाली, "हो, लागली. जड लागते."
सुई माझ्या हातात होती.
  मी सांगितलं, अजून टोचलीच नाही.  ती टॉवेलखालूनच म्हणाली, "नाही लागत म्हटलं त्या दिवशी तुम्ही जेवलेच नाही. मंग लागते म्हणत गेली मी."
मी विचारलं, कधीच काही लागलं नाही? म्हणाली, कधीच नाही.
रडलो. तिला दिसू नये म्हणून टॉवेल तसाच राहू दिला.

दुपारी
तक्ता काढला. भात लावला. तिला भरवलं, मग तिच्यासमोर बसून दोनदा भात घेतला. भूक अजिबात नव्हती.